स्वयंसेवकांच्या ओपन सोर्स प्रकल्पाचा रोडमॅप: तारीख पक्की, यादी सैल

प्रश्न थोडक्यात असा: सात-आठ जण नोकरी-शिक्षण सांभाळून एक ओपन सोर्स (कोड सर्वांसाठी खुला असलेला) प्रकल्प चालवतात. दोन वर्षांपूर्वी उत्साहाच्या भरात वीस कलमांचा रोडमॅप, म्हणजे पुढच्या कामांचा आराखडा, केला. त्यातली तीन कामं झाली, बाकीची तशीच पडून आहेत, आणि वापरणारे अधूनमधून विचारतात की अमुक फीचर कधी येणार. आता नवा रोडमॅप कसा करावा? मुळात करावा का?

करावा. पण आधीचा का फसला ते आधी पाहू, कारण तो फसायला आळस हे कारण क्वचितच असतं. कंपनीतला रोडमॅप म्हणजे कामाचं वाटप. काय हवं ते ठरतं, मग ते करायला माणसं लावली जातात. इथे कुणी कुणाला कामाला लावू शकत नाही. ज्याला जे करावंसं वाटतं आणि ज्या आठवड्यात वेळ निघतो, तेवढंच होतं. म्हणून ‘काय व्हायला हवं’ इथून सुरुवात केली की हाती इच्छांची यादी येते. सुरुवात ‘कोण काय करायला तयार आहे’ इथून करायची. पुढचं सगळं दोन नियमांवर उभं आहे: रिलीजची (नवं व्हर्जन बाहेर काढण्याची) तारीख ठरवायची, त्यात काय असेल ते नाही, आणि ज्या कामापुढे माणसाचं नाव नाही, ते काम रोडमॅपवर नाही.

आधी तास मोजा

इश्यूंची, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी-मागण्यांची, यादी इतक्यात उघडू नका. आधी प्रत्येकाला वैयक्तिक निरोप पाठवून चार गोष्टी विचारा. सगळ्यांसमोर विचारलं की लोक भिडेपोटी जास्त तास सांगतात. पुढच्या सहा महिन्यांत आठवड्याला सरासरी किती तास निघतील? कोणत्या आठवड्यांत अजिबात जमणार नाही? कोणतं काम स्वतःहून करावंसं वाटतं? आणि सध्या करत असलेल्यापैकी कोणत्या कामाचा कंटाळा आलाय, जे दुसऱ्या कुणी उचललं तर बरं वाटेल? हा चौथा प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारलाच जात नाही, आणि मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) अचानक दिसेनासे होण्याचं कारण बरेचदा त्याच्याच उत्तरात दडलेलं असतं.

आता हिशोब. नमुन्यादाखल तीन मेंटेनर आठवड्याला प्रत्येकी ५ तास देतात आणि आणखी पाच जण प्रत्येकी २ तास, असं धरू. आठवड्याचे २५, सव्वीस आठवड्यांचे ६५०. सांगितलेले तास आणि मिळणारे तास यांत नेहमीच अंतर पडतं. परीक्षा, आजारपण, नोकरीतली घाई हे सगळं धरून ६० टक्के पकडा: ३९०. यातून देखभाल वजा करा. नवे इश्यू वाचून लेबल लावणं, प्रश्नांना उत्तरं, सीआय (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासण्या) मोडलं तर दुरुस्ती, डिपेंडन्सींची (आपण वापरत असलेल्या बाहेरच्या लायब्ररींची) नवी व्हर्जन्स, रिलीज काढणं. आठवड्याला १० तास धरले तर २६०. उरले १३०. त्यातही लिहिलेला कोड कुणीतरी तपासायचा असतो. तीन तासांच्या लिखाणामागे एक तास रिव्ह्यू धरला, तर नव्या कामाला साधारण १०० तास राहतात. म्हणजे ४०-५० तासांची दोन कामं. आठ माणसं, सहा महिने, दोन कामं.

हा आकडा ऐकून पहिल्यांदा सगळेच हिरमुसतात, पण वीस कलमांपैकी तीन का झाली याचं उत्तर इथेच मिळतं. देखभालीचा आकडा मात्र मनाने टाकू नका. मागच्या तीन महिन्यांतल्या मर्ज झालेल्या (मुख्य कोडमध्ये घेतलेल्या) पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडबदलाचे प्रस्ताव, काढा आणि दोन गटांत वाटा: नवं फीचर एकीकडे, बग, सीआय, डॉक्युमेंटेशन, डिपेंडन्सी दुसरीकडे. तासांची नोंद कुणी ठेवत नसलं तरी या प्रमाणावरून काम भागतं. प्रकल्प जितका जुना आणि वापरणारे जितके जास्त, तितका दुसरा गट मोठा असतो.

तारीख पक्की ठेवण्याचं कारण

‘ही चार फीचर्स झाली की पुढचं व्हर्जन काढू’ हे ऐकायला सरळ वाटतं. होतं असं की चारपैकी सर्वांत रेंगाळलेल्या कामावर बाकी तिन्ही अडकतात. रिलीज लांबलं की पुढचं कधी येईल याचा कुणाला भरवसा राहत नाही, म्हणून प्रत्येक जण आपलं अर्धवट काम याच रिलीजमध्ये घुसवायला बघतो. त्याने ते आणखी लांबतं. दरम्यान ज्याचं काम सहा महिन्यांपूर्वी मर्ज झालं, त्याला ते कुणी वापरताना दिसतच नाही. स्वयंसेवकाला मोबदला म्हणून जे काही मिळतं ते एवढंच असतं, तेही अडकून पडतं.

डेबियन या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिमचं ३.० व्हर्जन जुलै २००२ मध्ये आलं आणि ३.१ जून २००५ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं. त्यानंतर त्यांनी गोठवण्याचं (नवे बदल घेणं थांबवण्याचं) वेळापत्रक आधी जाहीर करायला सुरुवात केली आणि साधारण दोन वर्षांची लय बसली. रिलीजची नेमकी तारीख मात्र अजूनही गंभीर बग संपल्यावरच ठरते. ग्नोम हा लिनक्सवरचा डेस्कटॉप दर मार्च आणि सप्टेंबरला येतो. उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम २००४ पासून एप्रिल आणि ऑक्टोबरला येते. तिथे २००६ चं एप्रिलचं रिलीज ठरवून जूनपर्यंत पुढे ढकललं गेलं, म्हणून त्याचा क्रमांक (वर्ष आणि महिना) ६.०६, ते लोकांच्या अजून लक्षात आहे, कारण तसं सहसा घडत नाही. लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) नवं काम आत घ्यायला दोन आठवड्यांची खिडकी उघडते, मग सहा-सात आठवडे फक्त दुरुस्त्या, आणि नऊ-दहा आठवड्यांत व्हर्जन बाहेर. खिडकी चुकली तर दोन-अडीच महिन्यांनी पुढची आहेच. गाडी वेळेवर सुटते हे माहीत असलं की धावत्या गाडीत उडी मारायची गरज राहत नाही.

किती महिन्यांची लय धरायची? त्याआधी एक रिलीज काढायला किती तास लागतात ते पाहा. हाताने बिल्ड करणं, चेंजलॉग (बदलांची यादी) लिहिणं, तीन ऑपरेटिंग सिस्टिमवर तपासणं, पॅकेज चढवणं यात २० तास जात असतील, तर वर्षाला चार रिलीज म्हणजे ८० तास, सहा महिन्यांना ४०. वर नव्या कामासाठी सहा महिन्यांचे १०० तास निघाले होते, त्या मानाने हा खर्च परवडत नाही. अशा वेळी रोडमॅपवरचं पहिलं काम रिलीज स्क्रिप्ट (हे सगळं आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) हेच असावं. ते कुणालाच रंजक वाटत नाही, पण दर रिलीजला पंधरा तास वाचवतं. छोट्या लायब्ररीला तीन महिने सहज झेपतात, डेस्कटॉप किंवा मोबाइल अॅपला सहा. ज्याच्या नव्या व्हर्जनसाठी लोकांना डेटा हलवावा लागतो त्याला वर्ष ठीक. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून, अठरा महिन्यांऐवजी दर ऑक्टोबरला वार्षिक रिलीज सुरू केलं. पोस्टग्रेस हा डेटाबेसही वर्षाला एक मोठं व्हर्जन काढतो.

सव्वीस आठवड्यांचं चक्र साधारण असं बसतं. पहिले अठरा आठवडे सगळं खुलं. एकोणिसाव्या आठवड्यात फीचर फ्रीझ: जे मर्ज झालं ते आत, बाकीचं पुढच्या वेळी. एकविसाव्यात मजकूर फ्रीझ: यानंतर स्क्रीनवरचा एकही शब्द बदलायचा नाही, कारण भाषांतर करणारेही स्वयंसेवकच असतात आणि त्यांना सलग चार आठवडे तरी मिळायला हवेत. बाविसाव्यात पहिला रिलीज कँडिडेट (तपासणीसाठीचं जवळपास अंतिम व्हर्जन), सव्विसाव्यात रिलीज. भाषांतरकारांचा विसर ही अगदी नेहमीची चूक. शेवटच्या आठवड्यात कुणीतरी बटणावरचा शब्द ‘जरासा’ सुधारतो आणि तीस भाषांतली ती ओळ परत इंग्रजीत दिसू लागते.

फ्रीझच्या दिवशी हमखास एक काम ‘नव्वद टक्के झालेलं’ असतं. त्या दिवशी नाही म्हणणारी व्यक्ती आणि ते फीचर लिहिणारी व्यक्ती एकच असू नये. हे नाही म्हणणाऱ्या रिलीज मॅनेजरची जबाबदारी दर चक्रात फिरती ठेवा, आणि त्या चक्रात त्या माणसाकडे मोठं फीचर देऊ नका.

काम कापण्याची रीत

स्वयंसेवकांच्या प्रकल्पात मोठ्या कामाचा घात एकाच पद्धतीने होतो: वेगळ्या ब्रांचवर (कोडच्या स्वतंत्र प्रतीवर) चार-सहा महिने काम चालतं, मुख्य ब्रांच पुढे निघून जाते, मर्ज करताना शेकडो कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी झालेले परस्परविरोधी बदल) येतात, आणि तेवढ्यात लिहिणाऱ्याची नोकरी बदलते. ब्रांच तशीच सडते.

त्यावर उपाय म्हणजे एका तुकड्याचं माप ठरवणं: एका माणसाचे ८ ते १२ तास, म्हणजे दोन-तीन शनिवार-रविवार. प्रत्येक तुकडा मुख्य ब्रांचमध्ये स्वतंत्रपणे मर्ज होऊ शकला पाहिजे. एकट्याने उपयोगी पडत नसेल तर सेटिंगच्या फ्लॅगमागे (चालू-बंद करायच्या कळीमागे) बंद ठेवा. कसोटी अशी: दुसऱ्या तुकड्यानंतर हा माणूस निघून गेला, तर मागे राहिलेला कोड चालता राहील का? राहणार नसेल तर काप चुकीच्या जागी पडलाय.

फ्लॅगची एक खोड आहे. ते काढून टाकायचं काम कुणाच्याच यादीत नसतं. फ्लॅग टाकणाऱ्या पुल रिक्वेस्टसोबतच तो काढायचा इश्यू उघडा आणि पुढच्या रिलीजच्या माइलस्टोनला (त्या रिलीजच्या कामांच्या गटाला) जोडा.

मुळापासून पुन्हा लिहिण्याच्या बेतांकडे तर संशयानेच पाहावं. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नव्या अवताराची, पर्ल ६ ची, घोषणा २००० साली झाली, पहिलं अधिकृत व्हर्जन डिसेंबर २०१५ मध्ये आलं, आणि २०१९ मध्ये ती भाषा राकू या नावाने वेगळी झाली; पर्ल ५ वापरणारे तोवर पर्ल ५ वरच होते. गिंप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण अधिक कामाचं आहे. २.८ व्हर्जन २०१२ मध्ये आलं आणि २.१० यायला २०१८ उजाडलं. पुढचा टप्पा जीटीके ३ या खिडक्या-बटणं दाखवणाऱ्या लायब्ररीवर जाण्याचा, म्हणजे आणखी काही वर्षांचा. (जीटीके जन्माला आलं तेच गिंपसाठी, हा यातला विनोद.) तेव्हा त्यांनी धोरण बदललं: २.१० च्या छोट्या रिलीजमध्येही नवी फीचर्स यायला लागली, फक्त बगदुरुस्त्या नाहीत. ३.० मार्च २०२५ मध्ये आलं, पण मधल्या सात वर्षांत वापरणारे रिकाम्या हाताने बसले नव्हते आणि लिहिणाऱ्यांचं कामही लोकांपर्यंत पोचत होतं. मोठं स्थलांतर टाळता येत नसेल, तर चालू मालिकेत माल येत राहील अशी सोय आधी करा.

एक नोंद कशी असावी

जुन्या रोडमॅपवर अशी ओळ सापडते: ‘सिंक सुधारणे, तिसरी तिमाही’. यावरून कुणालाच काही करता येत नाही. सुधारणे म्हणजे काय, झालं हे कधी म्हणायचं, कोण करतंय, काहीच नाही. समजा प्रकल्प नोंदी ठेवण्याच्या अॅपचा आहे. तीच ओळ नीट लिहिली तर अशी होईल:

अडचण: एकच नोंद दोन उपकरणांवर ऑफलाइन बदलली, तर नंतर सिंक होणारी प्रत आधीची प्रत गुपचूप पुसते.
कोण: लिहिणार एक, रिव्ह्यू करणारा दुसरा, दोघांची नावं, दोघांचा होकार.
तुकडे: पहिला, टक्कर ओळखून लॉगमध्ये नोंदवणे. दुसरा, दोन्ही प्रती ठेवून दुसरीच्या नावापुढे तारीख जोडणे. तिसरा, कोणती प्रत ठेवायची हे विचारणारी खिडकी.
झालं कधी म्हणायचं: दोन उपकरणांची ऑफलाइन टेस्ट सीआयमध्ये चालते आणि कोणताही मजकूर हरवत नाही.
यात नाही: दोन प्रतींतला मजकूर आपोआप एकत्र करणे.
अडलंय कशावर: काही नाही.
शेवटची नोंद: तारीख आणि एक वाक्य.

दुसऱ्या तुकड्यावर काम थांबलं तरी लोकांचा मजकूर हरवायचा थांबलेला असेल, हे लक्षात घ्या. तिसरा तुकडा सोयीचा आहे, पहिले दोन गरजेचे. क्रम लावायचा तो असा. आणि ‘यात नाही’ ही ओळ वगळू नका. रिव्ह्यूमध्ये ‘हेही करून टाक की’ म्हणत काम फुगवणाऱ्यांना दाखवायला ती लागते.

नोंदीत फीचरचं नाव लिहिण्याऐवजी अडचण लिहिली की आणखी एक फायदा होतो. ‘डार्क मोड’ लिहिलं तर करण्यासारखी गोष्ट एकच. ‘अंधारात वाचताना डोळ्यांना त्रास’ लिहिलं तर कुणीतरी नवखा अर्ध्या दिवसात होणारा सोपा मार्ग सुचवतो.

निवड आणि निर्णय

आता इश्यूंची यादी उघडा. चारशे इश्यू असतील तर चारशे वाचू नका. गेल्या वर्षभरात ज्यांवर हालचाल झाली ते घ्या, एकाच अडचणीचे एकत्र बांधा, आणि दोन गोष्टींकडे पाहा: यात डेटा किंवा सुरक्षेचं नुकसान होतंय का, आणि वरच्या चार प्रश्नांच्या उत्तरांत हे काम कुणी मागितलंय का. दोन्ही असेल तर वर. फक्त पहिलं असेल तर माणूस शोधायला हवा, आणि ते उघडपणे तसंच लिहा. फक्त दुसरं असेल तरी चालेल. एखाद्याला जे काम मनापासून करायचंय ते प्रकल्पाच्या दिशेला आडवं जात नसेल तर अडवू नये. कमी महत्त्वाचं काम उत्साहाने होणं हे महत्त्वाचं काम न होण्यापेक्षा बरं.

इश्यूंना मिळालेल्या अंगठ्यांची मतं मोजून क्रम लावण्याचा मोह टाळा. मतं देणारे करणारे नसतात, आणि जुन्या इश्यूवर मतं साठत जातात म्हणून तो वर दिसतो. अडचण किती जणांची आहे एवढंच मतांवरून कळतं. केडीई या डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने २०१७ पासून यातून चांगली वाट काढली आहे: दर दोनेक वर्षांनी समुदाय मतदानाने मोजकी ध्येयं निवडतो, पण मतदानाला येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावामागे ते पुढे नेणारी माणसं आधीच उभी असतात. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पाच्या २०२४ पासूनच्या ध्येयांनाही जबाबदारी घेणारा माणूस लागतोच.

निर्णय कसा घ्यायचा हे रोडमॅपच्या आधी ठरलेलं असावं. छोट्या प्रकल्पाला अपाची फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेची रीत पुरते: प्रस्ताव लेखी मांडा, किमान ७२ तास थांबा, कुणी कारणासह विरोध केला नाही तर तो मान्य. ७२ तास अशासाठी की जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या, फक्त शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांनाही बोलता यावं. खरं तर स्वयंसेवकांसाठी त्यात एक शनिवार-रविवार आलाच पाहिजे, म्हणून मी सात दिवस सुचवेन. फाइल फॉरमॅट, प्लगइनचा इंटरफेस किंवा लायसन्स यांना हात लागत असेल तर एक-दोन पानांचा स्वतंत्र प्रस्ताव मागा, त्यात विचारात घेतलेले दुसरे मार्गही असावेत. बाकी कशालाही एवढी कागदपत्रं मागू नका. प्रस्ताव लिहिण्यातच उत्साह संपतो.

जे करणार नाही

रोडमॅपच्या फाइलमध्ये अर्धं पान ‘हे करणार नाही’ या यादीला द्या, प्रत्येकी एका ओळीच्या कारणासह. ‘स्वतःचा क्लाउड सर्व्हर चालवणार नाही: चोवीस तास जबाबदारी घ्यायला माणसं नाहीत.’ ‘अमुक जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमला आधार नाही: तपासायला यंत्र कुणाकडेच नाही.’ या यादीमुळे तेच वाद पुन्हा पुन्हा होत नाहीत आणि नव्या माणसाचा महिना वाया जात नाही. नकार ऐकून कुणी नाराज होतो, हे खरं. पण तीन आठवडे राबून पाठवलेली पुल रिक्वेस्ट ‘हे आमच्या दिशेत बसत नाही’ म्हणून बंद होते तेव्हा तो कायमचा जातो.

कोणतं काम कोणत्या पायरीवर आहे तेही लिहून ठेवा. मला तीन कप्पे पुरेसे वाटतात: ‘चालू आहे’, ‘यानंतर’, ‘कुणी घेतलं तर’. पहिल्या कप्प्यात तासांच्या हिशोबात बसतील तेवढीच कामं, नावासह. तिसऱ्या कप्प्याला नाव लागत नाही, पण तिथे तारीखही लिहायची नाही, आणि तो रोडमॅपच्या फाइलमध्ये न ठेवता वेगळ्या लेबलवर ठेवायचा. ‘तिसरी तिमाही’, ‘वर्षाअखेर’ असले शब्द दुसऱ्या कप्प्यालाही नकोत. वाचणारा त्याला वचन समजतो आणि त्यावर आपल्या कचेरीतला निर्णय घेऊन मोकळा होतो.

बाहेरून येणाऱ्या तारखा

काही तारखा तुमच्या हातात नसतात, आणि रोडमॅपवर सर्वांत आधी त्याच टाकायच्या. ज्या भाषेवर, लायब्ररीवर, ऑपरेटिंग सिस्टिमवर प्रकल्प उभा आहे त्यांचा आधार कधी संपतो ते तक्त्यात लिहा. पायथनच्या प्रत्येक व्हर्जनला साधारण पाच वर्षं आधार मिळतो, म्हणजे दर ऑक्टोबरला एक व्हर्जन यादीतून गळतं. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या १.१.१ व्हर्जनचा आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. ही तारीख कित्येक वर्षं आधी माहीत होती, तरी शेवटच्या महिन्यात धावपळ करणारे कमी नव्हते. असं प्रत्येक स्थलांतर शेवटच्या तारखेच्या आधीच्या रिलीजला जोडा, त्याच रिलीजला नाही. एक रिलीज हाताशी राहतं.

याची दुसरी बाजू म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेल्यांच्या तारखा. जुनी गोष्ट काढून टाकायची तर आधी एका रिलीजमध्ये इशारा, आणि पुढच्या दोन रिलीजनंतर ती काढणे, एवढी उसंत तरी द्या. जँगो या वेबसाइट बनवण्याच्या चौकटीची पद्धत साधारण अशीच आहे. पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं. जुन्या मालिकेतल्या २.७ चा शेवट आधी २०१५ ला ठरला होता, तो २०१४ मध्ये पुढे ढकलून २०२० करावा लागला. लोकांचा कोड मोडणाऱ्या बदलाचं वेळापत्रक शेवटी लोकच ठरवतात. तुमच्या अंदाजाच्या दुप्पट काळ धरा आणि तेवढा काळ दोन्ही मालिका सांभाळायचे तास वरच्या हिशोबात आहेत का ते पाहा. नसतील तर तो बदल सध्या करू नका.

काम अडतं ते रिव्ह्यूपाशी

नवीन लिहिणारे मिळतात, तपासणारे मिळत नाहीत. म्हणूनच नोंदीत रिव्ह्यू करणाऱ्याचं नाव सक्तीचं आहे. पोस्टग्रेसमध्ये वर्षभरात पाच कमिटफेस्ट (पॅच, म्हणजे पाठवलेले कोडबदल, तपासण्याचे काळ) होतात, प्रत्येकी एक महिन्याचा, आणि पॅच पाठवणाऱ्याने तेवढ्याच आकाराचा दुसऱ्या कुणाचा तरी पॅच तपासावा अशी अपेक्षा असते. लहान प्रकल्पात याचं सोपं रूप असं: महिन्यातला एक आठवडा कुणी नवं काहीच लिहायचं नाही, फक्त पडून असलेल्या पुल रिक्वेस्ट निकाली काढायच्या. दहापेक्षा जास्त उघड्या असतील तर पुढचं मोठं काम सुरूच करू नका.

तास कमी पडतात म्हणून घाईघाईत कुणालाही मर्जचे हक्क देऊ नका, हेही इथेच सांगायला हवं. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेल्या एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या प्रकरणात थकलेल्या एकट्या मेंटेनरवर ‘काम किती हळू चाललंय’ म्हणून जाहीर दबाव आणला गेला होता, आणि दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवलेल्या खात्याने शेवटी रिलीजमध्ये मागचा दरवाजा (गुपचूप आत शिरण्याची वाट) घातला. रोडमॅप मागे पडलाय हे कारण हक्क वाटायला पुरेसं नाही. उलट कोडच्या ज्या भागाला एकच माणूस जाणतो, तिथे दुसरा तयार करणं हे रोडमॅपवरचं काम धरा, तुकडे पाडून, नावासह.

नाव दिसेनासं झालं तर

होतंच. नियम आधी लिहिलेला असला की कुणाला अपराधी वाटत नाही. चार आठवडे नोंदीत काही बदल नाही, तर रिलीज मॅनेजर एक साधा निरोप पाठवेल: ‘हे अजून तुझ्याकडे ठेवू का?’ दोन आठवडे उत्तर नाही, तर नाव निघेल आणि काम ‘कुणी घेतलं तर’ या कप्प्यात जाईल. परत आल्यावर घेता येईल. निरोपात ‘कधी होणार’ विचारू नका. त्या प्रश्नाला लोक उत्तरच देत नाहीत, लाजून गप्प बसतात, आणि ज्याने फक्त ‘नाही जमत’ म्हटलं असतं तो माणूस प्रकल्पच सोडतो.

रोडमॅप रिपॉझिटरीतच (कोड ठेवतो त्याच जागी) साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा. बदल पुल रिक्वेस्टने होतील, कुणी काय काढलं आणि का, हे इतिहासात राहील. रंगीत बोर्ड हवा तर जरूर करा, पण खरी प्रत एकच. चक्राच्या मध्यावर, तेराव्या आठवड्याच्या आसपास, तासभर बसून एकदा पाहणी करा: काय काढायचं एवढाच विषय ठेवा, नवीन काही घालायचं नाही. रिलीजनंतर दोन आठवडे मोकळे सोडा, मग पुन्हा चार प्रश्न.

बाहेरचे हात आणि पैसा

गुगल समर ऑफ कोडसारखे, नवख्यांना मानधन देऊन ओपन सोर्स प्रकल्पात काम करायला लावणारे कार्यक्रम रोडमॅपला हातभार लावतात, पण फुकट नाही. तिथले प्रकल्प ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असतात. मार्गदर्शकाचे आठवड्याला चार-पाच तास जातात, म्हणजे वरच्या हिशोबातला एक अख्खा मेंटेनर त्या काळापुरता वजा. म्हणून अशा माणसाला रिलीज ज्यावर अडेल असं काम कधीही देऊ नका. टेस्टची साधनं, आयात-निर्यात, एखादा स्वतंत्र प्लगइन अशी कडेची, पण खऱ्या उपयोगाची कामं द्या.

नवख्यांसाठी लेबल लावलेले इश्यू नेहमी पाच ते दहा इतकेच उघडे ठेवा. प्रत्येकात कोणती फाइल, अपेक्षित बदल आणि तपासायची कमांड लिहिलेली असावी. असा एक इश्यू लिहायला अर्धा तास जातो आणि बरेचदा तो स्वतः सोडवायला वीस मिनिटं लागली असती. तरी लिहावा, कारण त्यातल्या दहा माणसांपैकी एखादा टिकला तर पुढच्या चक्रात हिशोबात दोन तास वाढतात.

पैसे देणारा आला आणि त्याला ठरावीक फीचर हवं असलं, तर तीन गोष्टी करारात घाला. काम वरच्या नमुन्यातल्या नोंदीसारखंच तुकड्यांत असेल आणि पैसे मर्ज झालेल्या तुकड्यांवर मिळतील. रिव्ह्यूच्या तासांचेही पैसे असतील, कारण लिहिणाऱ्याला मोबदला आणि तपासणारा फुकट, ही मांडणी दोन महिन्यांत भांडण लावते. आणि फीचर आल्यानंतर एक वर्षाच्या देखभालीची रक्कम वेगळी धरलेली असेल. शेवटच्या अटीवर बोलणी मोडली तर मोडू द्या. तो पैसा घेतला असता तर पुढच्या वर्षीच्या देखभालीचे तास तुमच्याच १३० मधून गेले असते.